फिरते देऊळ, चालती भिंत आणि आगकाड्यांची मौज

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी आठवे स्थान म्हणून महाराष्ट्रात मानले जाते. तेथील देवळाच्या रचनेत एक गोष्ट पाहणाऱ्याच्या लगेच लक्षात येते, ती म्हणजे शिवालयात देवासमोर असणारा नंदी येथे समोर नाही आणि नंदिकेश्वराचे वेगळे देऊळ मुख्य देवळाच्या मागील अंगास आहे. वारकरी परंपरेने या मांडणीचा उलगडा एका चमत्काराने केलेला आहे. नामदेव महाराज नागनाथासमोर कीर्तन करीत असता तेथील पुजाऱ्यांनी त्यांना उठवून देवळाच्या मागे घालवले, नामदेवांनी तेथेच कीर्तन पुढे चालू ठेवले आणि भक्ताकडे पाठ राहू नये म्हणून सबंध देऊळच गर्रकन फिरून त्यांच्यासमोर आले, अशी ही कथा आहे. महिपतींनी 1762 मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजय’ या ग्रंथामुळे ती घरोघर पोहोचली. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची म्हणून जी 61 पदे समाविष्ट आहेत त्यांतही देऊळ फिरल्याचा उल्लेख येत असल्यामुळे, औंढ्याचे नाव आणि जवळच्याच नरसी या नामदेवांच्या जन्मगावाचे नाव पंजाबातील भाविकांनाही परिचित आहे.

कथेची ऐतिहासिकता हा येथे विषय नाही. महत्त्वाचे आहे ते तिच्यामागचे दृश्य. औंढ्याच्या देवळाचा खालचा भाग काळ्या दगडाचा असून त्यावर हत्ती, देवदेवता आणि माणसे यांच्या आकृत्यांचे थर एकावर एक कोरलेले आहेत. ही बांधणी हेमाडपंती म्हणून ओळखली जाते, म्हणजे यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावाने रूढ झालेली, दगडात दगड बसवून उभारलेली. वरचा पांढरा भाग नंतरच्या काळातील आहे आणि गाभारा जमिनीखाली असल्याने तेथे अरुंद वाटेने उतरावे लागते. अशा वास्तूभोवती भाविक प्रदक्षिणा घालतो तेव्हा माणूस चालत असतो आणि दगड स्थिर असतो, आणि चालणाऱ्याच्या डोळ्यांपुढून कोरीव आकृत्या एकामागून एक सरकत जातात. नामदेवांच्या कथेने हा संबंध उलटा केला, माणूस जागीच बसवला आणि दगडाला फिरवले. आळंदीची कथाही याच जातीची आहे. वाघावर बसून आलेल्या चांगदेवांना सामोरे जाण्यासाठी ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडे बसलेली भिंत चालू लागते. अचेतनाला चालवून दाखवण्याची ही ओढ मराठी भक्तिकथांत खोलवर रुजलेली आहे, आणि पुढे यंत्र हाती आल्यावर महाराष्ट्रातील कलावंतांनी त्याच्याकडून पहिल्यांदा कोणती कामे करून घेतली हे समजण्यासाठी तिची आठवण ठेवावी लागते.

निर्जीव वस्तूची किंवा रेखाटलेल्या आकृतीची थोडी थोडी बदललेली अनेक चित्रे घेऊन, ती वेगाने एकामागून एक दाखवून हालचालीचा आभास निर्माण करणे, या तंत्रास ॲनिमेशन म्हणतात. आज या तंत्रातील जे प्रकार तरुण प्रेक्षकांना विशेष प्रिय आहेत, त्यांत ‘स्टीमपंक’ नावाचा एक आहे. के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकाने 1987 मध्ये हा शब्द वापरात आणला. वाफेची इंजिने, पितळी नळ्या, दात्यांची चाके आणि धुरांडी हीच जणू यंत्रविद्येची शेवटची पायरी राहिली, असे गृहीत धरून एकोणिसाव्या शतकातील शहरांच्या धर्तीवर रचलेल्या कल्पित नगरांना आणि त्यांतील कथांना तो लावला जातो. जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांचा ‘लापुता’ (1986) आणि कात्सुहिरो ओतोमो यांचा ‘स्टीमबॉय’ (2004) हे या वळणाचे गाजलेले चित्रपट होत. अशा नगरातील जादू, यंत्रे आणि विनोद यांचे मिश्रण आपल्याकडे पूर्णपणे परदेशी म्हणून पाहिले जाते. हा समज अपुरा आहे. ज्या काळाची ही कल्पित नगरे नक्कल करतात त्या काळात मुंबई हे खरोखरीचे वाफेचे शहर होते, आणि जादू, यंत्र व हसू यांना चालत्या चित्रात एकत्र आणणारा पहिला भारतीय कलावंत त्याच शहराच्या कलाशाळेत, छापखान्यांत आणि चित्रगृहांत घडला.

त्याच्याआधीचे दोन टप्पे मात्र ओलांडून जाता येत नाहीत. पहिला चित्रकथीचा. चित्रे दाखवीत कथा सांगणाऱ्या कलावंताचा उल्लेख कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात आढळतो, म्हणजे या व्यवसायाला दख्खनमध्ये सुमारे नऊ शतकांचा इतिहास आहे. गोदाकाठच्या पैठणच्या नावाने ओळखली जाणारी चित्रे आणि कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाने आजवर जपलेल्या पोथ्या हे त्याचे दोन प्रसिद्ध अवशेष होत. सुट्या कागदांवर रंगवलेल्या प्रसंगांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. कथेकरी एकेक चित्र पुढे धरतो, वाद्यांच्या साथीवर प्रसंग गातो आणि कथा पुढे सरकली की चित्र बदलतो. या चित्रांतील योद्धे, राक्षस आणि घोडे एका अंगाने, ताणलेल्या पवित्र्यात रंगवलेले असतात, त्यामुळे एका चित्राकडून दुसऱ्याकडे जाताना मधली हालचाल प्रेक्षक मनात पुरी करतो. पिंगुळीच्या याच घराण्यांत कळसूत्री बाहुल्या आणि पडद्यामागून दिव्याच्या उजेडात नाचवल्या जाणाऱ्या चामड्याच्या बाहुल्याही आहेत, ही बाब फार मोलाची आहे. कारण स्थिर चित्र, सांध्यांत हलणारी आकृती आणि पडद्यावर पडणारी सावली ही तिन्ही साधने एकाच समाजाच्या हाती, एकाच कथाभांडारासाठी वापरात होती. या परंपरेचे जतन करणारे परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

दुसरा टप्पा कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांचा. काचेवर रंगवलेले चित्र दिव्यासमोर धरून भिंगातून पडद्यावर मोठे करून दाखवणाऱ्या यंत्राला इंग्रज ‘मॅजिक लँटर्न’ म्हणत. पटवर्धनांनी त्याला ‘शांबरिक खरोलिका’, म्हणजे मायावी दिवा, असे भारदस्त नाव दिले आणि 1892 पासून त्याचे जाहीर खेळ सुरू केले. चित्रे हाताने रंगवलेली होती, विषय बहुतांशी रामायण-महाभारतातील होते, त्यांच्या जोडीला सर्कशीतील कसरतींसारखे करमणुकीचे प्रसंगही असत. एकाहून अधिक दिवे एकाच पडद्यावर रोखून, एका दिव्यातील चित्र झाकताच दुसऱ्यातील उघडायचे, अशा रीतीने आकृती हलल्याचा भास निर्माण केला जाई. निवेदन आणि संगीत यांची बाजू मुलांच्या मदतीने सांभाळली जाई. काचेवरील ही रंगीत चित्रे पाहिली की पटवर्धन आणि त्यांची मुले केवळ पाश्चात्त्य खेळणे आणून दाखवीत नव्हते हे स्पष्ट होते. पौराणिक कथेत हालचाल कोठे आवश्यक आहे, याचा त्यांनी विचार केला होता. सिनेमा भारतात येण्यापूर्वी चार वर्षे मराठी प्रेक्षक अंधारात बसून पडद्यावर देवांना हलताना पाहत होता.

सिनेमा आला तो मुंबईत. बोरीबंदर ते ठाणे ही भारतातील पहिली प्रवासी आगगाडी 16 एप्रिल 1853 रोजी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढली. कावसजी नानाभाई दावर यांच्या ताडदेवच्या गिरणीत 1856 मध्ये वाफेवर सूत निघू लागले, आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत परळ-लालबागचा भाग धुरांड्यांनी भरून गेला. कोकणातून आणि घाटावरून आलेला मराठी कामगार भोंग्याच्या वेळापत्रकावर जगू लागला. फ्रेडरिक स्टीव्हन्सने उभारलेल्या बोरीबंदरच्या नव्या स्थानकावर दगडात प्राणी, पक्षी, वेली आणि चेहरे कोरले गेले, आणि त्याच छताखाली इंजिने वाफ सोडू लागली. आज स्टीमपंक चित्रकार जे नगर कल्पनेने रंगवतात त्याचे इतके जवळचे प्रत्यक्ष रूप भारतात दुसरे नव्हते. याच शहरात वॉटसन हॉटेलात 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला, आणि तीनच वर्षांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर म्हणजे सावेदादा यांनी मुंबईतील कुस्ती स्वतःच्या कॅमेऱ्याने टिपली. यंत्रयुगाची कल्पित कथा मराठी वाचकापर्यंत पोहोचली तीही याच सुमारास; ‘केरळ कोकिळ’ मासिकात 1900 पासून ज्यूल व्हर्न यांच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे मराठी रूप क्रमशः येऊ लागले, आणि मराठी विज्ञानकथेचा आरंभ अनेक अभ्यासक तेथूनच मोजतात.

जादू, यंत्र व हसू यांना एकत्र आणणारा तो कलावंत म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. त्यांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वर या दुसऱ्या एका ज्योतिर्लिंगाच्या गावी झाला. जे. जे. कलाशाळा आणि बडोद्याचे कलाभवन येथे शिक्षण, छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातील नोकरी, रविवर्मा यांच्या छापखान्याशी आलेला संबंध, शिळाप्रेस आणि रंगीत छपाई असा त्यांचा प्रवास सर्वश्रुत आहे. त्यातील जादूगाराचा धागा मात्र चरित्रकार बहुधा एका वाक्यात उरकतात, हे योग्य नाही. फाळके हातचलाखीचे प्रयोग शिकले होते आणि स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते जाहीर खेळ करीत. वस्तू नाहीशी करणे, एकीची दुसरी करणे, निर्जीवाला सजीव भासवणे हे जादूगाराचे काम आणि कॅमेरा थांबवून, मधल्या वेळात वस्तू बदलून तो पुन्हा सुरू करणे हे सिनेमाचे काम, यांत मूलतः भेद नाही. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस हाही जादूगाराच्या रंगमंचावरूनच पडद्याकडे वळला होता.

1912 मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आल्यावर फाळक्यांनी भांडवलदाराची खात्री पटवण्यासाठी जो पहिला लहान पट तयार केला तो कथापट नव्हता. कुंडीत लावलेल्या वाटाण्याला अंकुर फुटून त्याचा वेल कसा वाढतो, हे त्यांनी कॅमेरा एका जागी रोवून, ठरावीक वेळाने एकेक चौकट टिपत महिनाभराहून अधिक काळ चित्रित केले. पडद्यावर तो वेल पाहता पाहता मातीतून वर आला. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखला जाणारा हा पट म्हणजे भारतातील चौकटीगणिक चित्रणाचा आरंभ होय. त्यासाठी लागणारी कच्ची फिल्म भोके न पाडलेली मिळत असे, आणि कडेची भोके अंधारात पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके घरी करीत. भारतीय ॲनिमेशनच्या इतिहासात पहिल्या यंत्रकुशल स्त्रीचे नाव घ्यायचे तर ते त्यांचेच घ्यावे लागेल, आणि ते अद्याप पुरेशा ठळकपणे घेतले जात नाही.

फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट 3 मे 1913 रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात लागला आणि त्याच वर्षी त्यांनी आपला कारखाना नाशिकला नेला. पुढच्या वर्षी महायुद्ध सुरू झाले, भांडवल आटले आणि मोठे चित्रपट काढणे कठीण झाले. या अडचणीच्या काळात, 1915 मध्ये, त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा लहान पट केला. आगकाड्या आपोआप पेटीबाहेर येतात, हलतात आणि नाना आकृत्या धारण करतात, एवढाच त्याचा विषय. फ्रेंच चित्रकार एमिल कोल याने 1908 मध्ये आगकाड्यांवर असाच पट केला होता आणि फाळक्यांना स्फूर्ती तेथून मिळाली असे मानले जाते. कृती ऐकायला सोपी आहे, करायला अत्यंत कष्टाची. काडी केसभर सरकवायची, हात बाजूला घ्यायचा, एक चौकट टिपायची, पुन्हा काडी सरकवायची. मूकपट साधारणतः सेकंदाला 16 चौकटींच्या वेगाने दाखवले जात, म्हणजे एका मिनिटाच्या गमतीसाठी हा व्यवहार सुमारे 960 वेळा करावा लागे, आणि मध्येच एखादी काडी धक्क्याने हलली तर आधीचे सारे श्रम वाया जात. नाण्यांशी खेळणारा ‘लक्ष्मीचा गालिचा’ आणि ‘विचित्र शिल्प’ हे त्यांचे लहान पटही याच वर्गात मोडतात.

या पटांकडे चित्रपटाच्या इतिहासकारांनी फाळक्यांची फावल्या वेळची करमणूक म्हणून पाहिले. हे मूल्यमापन स्वीकारता येत नाही. ‘लंकादहन’ (1917) आणि ‘कालिया मर्दन’ (1919) यांतील ज्या युक्त्यांनी प्रेक्षक थक्क झाले, त्यांच्यामागची शिस्त, म्हणजे एकेका चौकटीवर ताबा ठेवण्याची सवय, या लहान पटांच्या जातीचीच होती. शिवाय या पटांत देव नव्हते, नीतिबोध नव्हता. रोजच्या वापरातील क्षुल्लक वस्तू स्वतःच्या मर्जीने वागू लागल्यावर जे हसू येते, ते त्यांत होते. अद्भुत आणि विनोद यांची ही जोड भारतीय चलच्चित्रात इतक्या स्वच्छपणे प्रथम येथे दिसते.

फाळक्यांनंतर हे कौशल्य कोल्हापूरकडे गेले. बाबूराव पेंटर यांनी लेथवर सुटे भाग घडवून 1918 च्या सुमारास देशी कॅमेरा तयार केला आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ हा चित्रपट काढला. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी 1 जून 1929 रोजी ‘प्रभात’ या चित्रपटसंस्थेची स्थापना केली, आणि 1933 मध्ये ती संस्था पुण्यास आली. प्रभातने 1934 मध्ये रघुनाथ केळकर यांच्याकडून ‘जंबू काका’ हा कोल्ह्याचा विनोदी व्यंगपट करवून घेतला. व्यंगपट म्हणजे हाताने काढलेल्या विनोदी चित्रांचा चित्रपट. मराठीत त्यालाच पुढे कार्टूनपट हे नाव पडले. त्याच वर्षी कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘द पी ब्रदर्स’ हा व्यंगपट काढला, त्यामुळे 1934 हे भारतीय व्यंगपटाचे खरे जन्मवर्ष ठरते. जंबू काका ही निवड सहज झालेली नाही. पंचतंत्रापासून आजीच्या गोष्टीपर्यंत मराठी मुलांच्या ओळखीचा असलेला लबाड कोल्हा घेऊन केळकरांनी वॉल्ट डिस्नेच्या उंदरासमोर आपल्या मातीतले जनावर उभे केले.

या प्रयोगाची पुढची कडी वेगळ्या ठिकाणी सापडते. दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’ (1940) या चित्रपटात भिंत खरोखर चालली. चौकटीवर चौकट चढवणे, वेगवेगळी चित्रणे एकत्र छापणे अशा युक्तिचित्रणाच्या साधनांनी प्रभातच्या तंत्रज्ञांनी शतकानुशतके कीर्तनात ऐकलेले दृश्य डोळ्यांसमोर आणले. ज्या प्रेक्षकाने ते ऐकले होते, त्याला ते नवे वाटले नाही, ओळखीचे वाटले, आणि या चित्रपटाच्या यशाचे मोठे कारण हेच होते. औंढ्याच्या फिरत्या देवळाची आणि आळंदीच्या चालत्या भिंतीची कल्पना ज्या मनांत घडली होती, त्या मनांना यंत्राने फसवले नाही. त्यांचीच मागणी यंत्राने पुरी केली.

इतका पाया असूनही मराठी व्यंगपटाची परंपरा अखंड का राहिली नाही, याचे कारण हिशेबात आहे. बोलपट सेकंदाला 24 चौकटींनी चालतो, म्हणजे दहा मिनिटांच्या व्यंगपटाला 14,400 चौकटी लागतात, आणि एक चित्र दोन चौकटींना वापरले तरी 7,200 चित्रे काढावी लागतात. अमेरिकेत हा खर्च हजारो चित्रगृहांवर विभागला जाई. प्रभातसारख्या संस्थेला तो एका मुख्य चित्रपटाच्या आधी दाखवायच्या पुरवणीसाठी परवडणारा नव्हता. चित्रकारांची उणीव नव्हती, पैसा परत येण्याची वाट नव्हती.

ती वाट पुढे सरकारने काढली. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये 1956 मध्ये कार्टून विभाग सुरू झाला, डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स प्रशिक्षणासाठी आले, आणि त्यातून 1957 मध्ये जातककथेवरील ‘द बन्यन डीअर’ तयार झाला. या विभागात घडलेले राम मोहन यांनी पुढची सहा दशके मुंबईत राहून शिक्षणपट, जाहिराती, सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’तील व्यंगप्रसंग आणि युगो साको यांच्यासह केलेला जपानी-भारतीय ‘रामायण’ (1992) असे विस्तृत काम केले. मात्र सरकारी विभागाकडून कुटुंबनियोजन, बचत आणि शेतीसुधारणेचे धडे मागितले गेले, त्यामुळे आगकाड्यांतील निर्हेतुक मौज मागे पडली. ही हानी आहे, आणि तिची भरपाई अद्याप झालेली नाही.

या साऱ्या घडामोडीत औंढ्याच्या परिसराचा प्रत्यक्ष वाटा अल्प होता, कारण मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि मुंबई-पुण्याच्या चित्रव्यवसायाशी त्याचे दळणवळण मर्यादित राहिले. हिंगोली 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा जिल्हा झाला. ग्रामीण महाराष्ट्राला सिनेमा मुख्यतः यात्रांमधून, तंबूत चालणाऱ्या फिरत्या चित्रपटगृहांतून कळला, आणि तेथे गर्दी खेचली ती देवादिकांच्या व संतांच्या चित्रपटांनीच. मराठवाड्याने दिले ते कथावस्तूच्या रूपाने: नामदेव नरसीचे, फिरते देऊळ औंढ्याचे, चित्रकथींची एक शैली पैठणची.

फाळक्यांच्या चित्रपटांपैकी बहुतेक आज उपलब्ध नाहीत. त्या काळची फिल्म नायट्रेटची, म्हणजे सहज पेट घेणाऱ्या द्रव्याची असे, आणि जानेवारी 2003 मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत प्रभातच्या चित्रपटांसह नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. जे उरले आहे ते विखुरलेले आहे: पिंगुळीच्या पोथ्या एका घरात, खरोलिकेच्या काचा दुसरीकडे, मूकपटांचे तुकडे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात. महाराष्ट्रात ॲनिमेशन शिकवणाऱ्या संस्था आता अनेक आहेत, आणि त्यांतील विद्यार्थी परदेशी स्टीमपंक नगरांची रेखाटने उत्तम करतात. त्यांच्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात पिंगुळी, कल्याण, नाशिक आणि पुणे यांचा हा इतिहास मूळ चित्रांसह समाविष्ट व्हावा, आणि उरलेल्या पोथ्या, काचा व रिळे यांची एकत्र सूची करण्याचे काम राज्य शासनाने व विद्यापीठांनी विनाविलंब हाती घ्यावे.